न झिजलेलं ब्लेड

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

ब्लेड टिकलं. लेथवाल्या कमलेशचे सगळे तुकडे कापून झाले तरी टिकलं. एकही दात गेला नाही!

गजा खूश. बँडसॉ चालवणाऱ्या माणसाला ब्लेड टिकण्याइतका आनंद दुसऱ्या कशाचा होत नाही. मला हात धरून मशीनपाशी घेऊन गेला. "बघा ताई, दात कसं हायेत! खंडेनवमीला नारळ फोडला त्याचा गुण हाय ह्यो." मी हसले. तोही हसला. चहा मागवला.

रॉड ईएन-चोवीस स्टीलचा होता, कडक करून आलेला. असल्या स्टीलला ब्लेड घासत घासत जातं, मशीन कण्हतं, कीस आखूड आणि तुटका पडतो. आज कीस लांब होता. कुरळा, चंदेरी, जिलबीसारखा. आणि आवाज – लाकूड कापल्यासारखा. मी शेजारीच उभी होते. सगळं बघत होते, ऐकत होते. नवं ब्लेड आहे, बरं चाललंय, एवढंच मनात आलं. दुपारी तुकडे टेंपोत घालून कमलेशच्या लेथवर पाठवलेसुद्धा.

संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना तो आवाज परत कानात आला. हात थांबला. कडक स्टील असं कापलं जातं का?

८ ऑक्टोबर, बुधवार

कर्जतहून कुंभिवलीला नेहमीपेक्षा लवकर पोचले. गाळा उघडला. दिवासुद्धा लावला नाही, सरळ रॅककडे.

रॅकवर एकाच जाडीचे दोन रॉड होते. कमलेशचा कडक, आणि आमचा साधा – साधं लोखंड, गेट-ग्रिलवाल्यांना लागतं ते. दिसायला जुळे. म्हणून तर टोकांना रंग. लाल म्हणजे कडक, पिवळा म्हणजे साधा.

पिवळ्या रॉडवर कानस ओढली. घसरली! काचेवरून नख जावं तशी. परत ओढली. परत घसरली.

मग लाल रॉडचा उरलेला तुकडा. कानस रुतली. मऊ.

म्हणजे कमलेशचा रॉड इथेच आहे, पिवळं टोक घेऊन. आणि आम्ही कापून दिलं ते साधं लोखंड.

त्या तुकड्यांच्या पिना होणार आहेत. शेलूला टॉवर चाललाय, तिथल्या मालाच्या लिफ्टच्या. ज्या पिनेवर पुली फिरते, ज्या पिनेला ती लिफ्ट लटकते, त्या. कमलेशने स्वतः सांगितलं होतं – "नीट काप गं, वरून माल जातो."

नुसता माल जात नाही. गजाची बायको मैना त्याच साइटवर मजुरीला आहे.

दुपारी

कसं झालं ते कळलं. झोपेतही सांगता येईल इतकं सोपं आहे.

खंडेनवमीला आम्ही सगळं धुतो. मशीन, रॅक, पाने-पक्कड, रॉडसुद्धा. रॉड खाली उतरवून डिझेलच्या फडक्याने पुसले. गंज गेला, टोकांचा रंगही गेला. गजाने विचारलं, "ताई, टोकं रंगवू का? पूजेला बरी दिसतील." मी रांगोळी काढत होते. मान वर न करता म्हणाले, "वरचा लाल, खालचा पिवळा." नेहमी तसंच असतं.

पण उतरवताना वरचा आधी निघाला होता. ठेवताना तोच आधी उचलला गेला, म्हणून तो गेला खाली.

गजाने मी सांगितलं तेच केलं. वर हळदकुंकू वाहिलं. आम्ही दोघांनी त्या चुकीच्या रॉडला हात जोडले!

९ ऑक्टोबर, गुरुवार

कमलेशला फोन केला. कालच करायला हवा होता. काल का नाही केला? "आधी खात्री करू" म्हणून. खात्री तर कालच झाली होती. मग काय राहिलं होतं? धीर.

सगळं सांगितलं. रॉड बदलला, चूक माझी, पिना लावू नकोस, तुझा खरा रॉड आजच कापून देते, टेंपोही मीच पाठवते.

त्याने पलीकडे लेथ बंद केला. मग – "पिना लागल्या."

"लागल्या? एवढ्यात?"

"दिवाळीच्या आत काम हवंय त्यांना. काल पिना केल्या, आज सकाळी बसवल्या. आणि चांगल्या आहेत."

"कमलेश, लोखंड साधं होतं."

"हर्षला, मी सांगतो ना, लिफ्टच्या पिना चांगल्या आहेत. विषय संपला."

"तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे. शाळेत पण तू अशीच. पेपर देऊन झाला तरी घंटा होईपर्यंत तपासत बसायचीस."

फोन ठेवला त्याने. परत केला, उचलला नाही.

लबाड. एवढं मोठं काम हातचं जाईल म्हणून दाबतोय. दुसरं काय असणार?

११ ऑक्टोबर, शनिवार

रूपेशला सांगितलं. नवरा म्हणून नाही, शहाणा माणूस म्हणून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "अशा पिना दुप्पट-तिप्पट ताकदीच्या धरूनच करतात. साध्या लोखंडाचीही चालून जाईल."

चालून जाईल! कदाचित जाईलही. मी रसायनशास्त्राची पदवीधर, औषधांच्या कंपनीत नमुने तपासून सही करायचे. तिथे 'चालून जाईल' लिहायला रकाना नव्हता.

पण मग मनात येतं – मला मैनाची काळजी आहे की माझ्या सहीची? माझ्या हातून चूक झाली हे सहन होत नाही म्हणून हा सगळा जीव वरखाली चाललाय का? खरं उत्तर माहीत नाही. दोन्ही असेल. मैनाला त्याने काय फरक पडतो?

१३ ऑक्टोबर, सोमवार

शेलूला जाऊन आले.

लिफ्ट पाहिली. चार बाजूंना जाळी, वरून उघडी, एका जाड तारेवर लटकलेली. बाजूला पाटी – माणसांनी बसू नये. त्याच पाटीला टेकून बायका उभ्या होत्या, वर जायला.

मैनाने मला ओळखलं. लांबूनच ओरडली, "ताई! फ्लॅट घेताव काय?" सगळ्या हसल्या. डोक्यावर विटांची पाटी, पदर खोचलेला. आणि गेली की वर! मी बघत होते. तार थरथरत होती. तिची जांभळी साडी लहान लहान होत गेली. हाक मारावी म्हटलं, काय मारणार? उतर? अर्ध्यात?

मुकादमाला गाठलं. लिफ्टच्या पिनांबद्दल शंका आहे म्हटलं. त्याने मला नखशिखांत पाहिलं.

"तुम्ही कोण? इन्स्पेक्टर?"

"मी लोखंड कापून दिलं."

"मग कापा ना, मॅडम. लिफ्ट आम्ही बघतो." आणि बाजूच्याला, "आता भाजीवालीपण येईल, सांगेल जेवण जड होईल."

मी परत आले. एवढंच केलं. परत आले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काम नको झालंय. मशीन चालू झालं की मी बाहेर जाऊन उभी राहते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

गजाला सांगितलं.

इतके दिवस का नाही सांगितलं? 'त्याला वाटेल चूक त्याची' – असं स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे, त्याला कळेल की चूक माझी, हे नको होतं.

तो मशीनला कूलंटचं पाणी घालत होता. ऐकता ऐकता डबा खाली ठेवला. रॅककडे गेला. कानस मागितली नाही, नुसता हात फिरवला दोन्ही रॉडांवरून. उगाच. हाताला काय कळणार होतं.

"मंग त्या ब्लेडीचं... मी नाचत व्हतो तवा तुमाला ठावं व्हतं?"

"नाही रे. संध्याकाळी लक्षात आलं."

"आठ दिस झालं, ताई."

एवढंच बोलला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाइक काढली आणि नेरळच्या दिशेने गेला, घरी. मशीन तसंच चालू. मी बंद केलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दोघं आले, गजा आणि मैना. मैनाने आज खाडा केला. मला वाटलं, आता ही मला धुऊन काढणार. तिने स्टूल ओढलं आणि बसली.

"ताई, खरं सांगा. मोडंल का नाय?"

"माहीत नाही, मैना."

"शिकल्याल्या बायांचं ह्येच. मोडंल तरी म्हना, नायतर नाय मोडंल म्हना!"

गजा म्हणाला, "तू चढायचं नाय. मी सांगतंय."

"मी नाय चढनार. आनि सोनाबाय? तिच्या पोरी? त्या काय उडत जातील?"

"त्यांना सांग."

"सांगलं काल फोनवर. सोनाबाय म्हनते, मैने, तुला जिना चढायचा कटाळा म्हून लिफ्ट मोडाया लागली काय, आता जिनापन मोडंल म्हनशील." मैना हसली. खरंच हसली! मग पदराने तोंड पुसलं. "मुकादम म्हनतो, जिन्यानं जायचं तं घरी जा. दिवाळीच्या तोंडावर कोन घरी जाईल, ताई?"

मी म्हटलं, मी परत येते तुमच्या साइटवर.

"या. पन या वखताला नुसत्या बघून जाऊ नका."

तिला सोमवारी दिसलं होतं तर. मी तोंड उघडून उभी होते, ते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. साइट आजपासून बंद, मैनाचा फोन. दिवाळी संपेपर्यंत कोणी वर जाणार नाही.

देवासमोर बसून रडले. रूपेशने विचारलं, काय झालं? काही नाही झालं. म्हणूनच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. गाळ्यावर गेले, मशीनला फूल वाहिलं. रॉडकडे बघितलं नाही. कमलेशचा शुभेच्छांचा मेसेज, पणतीचं चित्र. मी लिहिलं – 'पिना बदल.' उत्तर – हात जोडलेले.

याला झोप कशी लागते? याला खरंच काही वाटत नसेल का? की मीच वेडी आहे? कधी कधी वाटतं, तो इतका निवांत आहे म्हणजे काहीतरी असेल. मग वाटतं, निवांत माणसांमुळेच तर लिफ्टी पडतात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज केलं.

साइट सकाळी उघडली. मी आणि गजा आधीच जाऊन उभे. लिफ्ट खालीच होती. पहिली खेप चढायच्या आत मी आत गेले आणि खाली बसकण मारली. साडीला सिमेंट लागलं.

मुकादम धावत आला. "ओ मॅडम! नाटक काय लावलंय?"

"पिन काढून दाखवा. मग उठते."

"पोलीस बोलवू?"

"बोलवा. त्यांनाही वर न्या यातून."

बायका जमल्या. सोनाबाई म्हणाली, "अगं बाय, ही तं खरंच बसली!" मुकादमाने माझा दंड धरायला हात पुढे केला, तेवढ्यात मैना आत आली आणि माझ्या शेजारी बसली. पाटीसकट. मग सोनाबाई. "बसून मजुरी मिळते तं बसू की," म्हणाली. मग तिच्या पोरी. लिफ्ट भरली. कुणी घोषणा दिल्या नाहीत, काही नाही. सोनाबाईने मिश्री लावायला काढली.

शेवटी बिल्डरच्या माणसाने कमलेशला फोन केला. तो खालापूरहून आला, लाल झालेला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फिटरला म्हणाला, "काढ रे, एक काढ. हिचं समाधान होऊ दे."

पिन निघाली. मी कानस ओढली. घसरली.

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "वरून कडक केली असेल. साध्या लोखंडालाही वरचं कवच कडक करता येतं. आतून मऊ राहतं. कापल्याशिवाय कळणार नाही."

कमलेशने कपाळावर हात मारला. "घे! घरी ने! काप! लोणचं घाल!" खिशातून दुसरी पिन काढून फिटरला दिली. येतानाच घेऊन आला होता. "ही लाव तिच्या जागी. हिलापण कानस मारून घे हवं तर."

मारून घेतली. घसरली.

बायका उठल्या. मुकादम म्हणाला, "झाला तमाशा?" मैनाने पाटी उचलली. जिन्याने वर गेली. तिच्या मागे सोनाबाईही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पिन कापली.

गजाने वाइसमध्ये आवळली, नवं ब्लेड चढवलं. मी म्हटलं, हळू उतरव, घाई नको. तो माझं ऐकून ब्लेड हळूहळू टेकवू लागला आणि ते नुसतं घासायला लागलं. वास आला. मी इतकं बिचकत कापायला लावते, हे माझं नेहमीचंच. कडक धातूला भीतभीत टेकवलं की दात कापत नाहीत, घासून बोथट होतात. गजाने माझ्याकडे न बघता दाब वाढवला. मशीन कण्हलं. कीस आखूड, तुटका. अर्ध्याच्या पुढे जाता जाता दात गेले. उरलेली दुसऱ्या ब्लेडने कापली.

आतपर्यंत कडक. कवच-बिवच काही नाही. अस्सल स्टील.

गजाने ते मोडकं ब्लेड वर धरलं. "ताई, आता नाचू का?"

मी खुर्चीत बसले. हसले की रडले, माहीत नाही. त्याने मैनाला फोन लावून माझ्या कानाला दिला. "हाय नं बरी पिन? मंग आता चढू का? जिन्यानं गुडघं गेलं माजं, ताई!"

चढ म्हटलं. चढ, मैना.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पहिल्यांदा पोटभर जेवले. रूपेश म्हणाला, "आता तरी कमलेशची माफी माग." मागायलाच हवी. तो खरं बोलत होता आणि मी त्याला लबाड ठरवलं. सगळ्यांसमोर. लाज वाटते. पण लाज किती हलकी असते! गेले काही दिवस जे उचलून फिरत होते त्याच्यापुढे ही काहीच नाही.

फोन केला. "अगं, विसर," म्हणाला. "मीच येतो शुक्रवारी, तुझा फराळ राहिलाय."

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

कमलेश येऊन गेला. चकली खाता खाता मी सहज म्हटलं, मग माझे ते मऊ तुकडे परत दे, भंगारात घालते.

त्याने चकली ताटलीत ठेवली. म्हणाला, लेथला लावल्याबरोबर मऊ लागले. माझ्याकडे जुना कडक रॉड होता, लिफ्टच्या पिना त्याच्या केल्या. म्हणून तर सांगत होतो.

मी विचारलं, आणि माझे तुकडे?

म्हणाला, आकाशपाळणेवाला एक जण आला होता, त्याला त्याच मापाच्या पिना हव्या होत्या, घाईत होता. त्याला करून दिल्या. नाव विचारलं नाही. तू तुकडे मागशील म्हणून फोनवर जास्त बोललो नाही.

उद्या एकादशी. साजगावची जत्रा, खालापूरपासून जवळच, उद्या सुरू होते. पाळणे आज उभे राहतायत. गजा टेंपो घेऊन दारात आला आहे.